गोदीत जहाज, पण माणसं कुठे?

7 ऑगस्ट 2022 रोजी अमेरिकी नौदलाचं ‘चार्ल्स ड्रू’ हे रसदवाहू जहाज चेन्नईजवळच्या कट्टुपल्ली गोदीला लागलं. अमेरिकी नौदलाचं जहाज भारतात दुरुस्तीला येण्याची ही पहिलीच वेळ. मुक्काम 11 दिवसांचा. कौतुक झालं ते गोदीचं. खलाशांचा विषय बाजूलाच राहिला.

दुरुस्तीतलं जहाज म्हणजे राहतं घर आणि चालू कारखाना एकाच छताखाली. रात्रपाळी करून आलेला खलाशी बंकवर पाठ टेकतो, तोच डोक्यावर गंज खरवडण्याची घरघर सुरू होते. वेल्डिंग चालू असेल तिथे आगीवर नजर ठेवायला माणूस उभा करावाच लागतो. कधी पाणी बंद, कधी एसी.

काही दिवस हे निभतं, महिनोन्‌महिने नाही. व्हर्जिनियात दुरुस्तीसाठी वर्षानुवर्षं रखडलेल्या ‘जॉर्ज वॉशिंग्टन’ या विमानवाहू नौकेवरच्या तीन खलाशांनी एप्रिल 2022मध्ये आत्महत्या केल्या. त्यानंतर कुठे दोनशेहून अधिक जणांना किनाऱ्यावर हलवलं गेलं. हा उशीर अक्षम्य होता.

2023मध्ये मुंबईच्या माझगाव डॉकनेही अमेरिकी नौदलाशी दुरुस्तीचा करार केला. इथे दीर्घ मुदतीचं काम आलं, तर खलाशांसाठी जहाजाबाहेरच्या खोल्या आणि ये-जा करणारी बस पहिल्याच दिवशी तयार हवी.