श्रेणीपेक्षा वर्ग भरणे महत्त्वाचे

चांगल्या श्रेणीसाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून उच्च शिक्षणसंस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’च्या तपासणी समितीतील सदस्यांना सीबीआयने फेब्रुवारी २०२५ मध्ये अटक केली. १९९४ पासून उभ्या राहिलेल्या मूल्यांकनव्यवस्थेच्या विश्वासालाच त्यामुळे तडा गेला. आता श्रेणीऐवजी मानांकन आहे की नाही, एवढेच सांगण्याची पद्धत येत आहे. पण बीड जिल्ह्यातील चौसाळ्यासारख्या गावातल्या विद्यार्थ्याला तेवढ्याने काय कळणार? तास होतात का, प्राध्यापकांची पदे भरली आहेत का, प्रयोगशाळा चालू आहे का, हे त्याला कळलेच पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाने प्रत्येक संलग्न महाविद्यालयाची ही माहिती दरवर्षी, पूर्वसूचना न देता तपासावी आणि प्रवेशापूर्वी जाहीर करावी. गुणवत्तेची हमी तिथूनच सुरू होईल.