एक रचना, अनेक मूळ प्रती

पोलंडमध्ये १८१० साली जन्मलेला आणि पुढे पॅरिसमध्ये स्थायिक झालेला फ्रेडरिक शोपँ हा पियानोसाठी रचना करणारा एक श्रेष्ठ संगीतकार. आपली नवी रचना तो बहुधा पॅरिस, लाइपझिग आणि लंडन येथील तीन प्रकाशकांना जवळजवळ एकाच वेळी देत असे. कारण निव्वळ व्यावहारिक होते. एका देशातील प्रकाशनहक्काला त्या काळी दुसऱ्या देशात संरक्षण नव्हते. परक्या छापखान्याने फुकट नक्कल करून विकण्याआधीच तिन्ही बाजारपेठा गाठणे हाच मार्ग होता.

या व्यवहारचातुर्याची किंमत मात्र पुढील संशोधकांना मोजावी लागली. तीन प्रकाशकांसाठी अनेकदा तीन प्रती लागत. काही शोपँ स्वतः लिही, तर काही ज्युलियन फोंताना या मित्राकडून नकलून घेई. शिवाय शिकवताना तो शिष्यांच्या छापील प्रतींवर पेन्सिलीने बदल करी. परिणामी एकाच रचनेची एकमेकींशी न जुळणारी अनेक रूपे शिल्लक राहिली, आणि त्यांतील बहुतेकांना कर्त्याचाच आधार आहे.

१८३९ साली प्रसिद्ध झालेल्या चोवीस ‘प्रेल्यूड’पैकी विसावी रचना अवघ्या तेरा बारांची आहे. बार म्हणजे स्वरलिपीतील दोन उभ्या रेषांमधील खंड. तिसऱ्या बारात गंधार आधी शुद्ध केलेला आहे, आणि पाश्चात्त्य स्वरलिपीच्या नियमानुसार ती खूण बार संपेपर्यंत लागू राहते. त्याच बाराच्या अखेरच्या स्वरसमूहात गंधार पुन्हा येतो. तेथे कोमलची खूण नसेल तर तो शुद्धच वाजवावा लागतो. शोपँच्या हस्तलिखितात ती खूण नाही. परंतु जेन स्टर्लिंग या शिष्येच्या प्रतीत ती नंतर घातलेली आढळते. शुद्ध गंधाराने तेथे क्षणभर उजेड पडतो. कोमल गंधाराने विषाद तसाच राहतो. एका खुणेवर त्या ओळीचा भाव अवलंबून आहे.

अशा प्रसंगी संपादकाने काय करावे? एकोणिसाव्या शतकातील अनेक संपादकांनी स्वतःला रुचेल ते छापले आणि बदलाची नोंदही ठेवली नाही. खतावणीतील आकडा पावतीशिवाय बदलावा, तसाच हा प्रकार. विसाव्या शतकात वेगळी शिस्त रुजली. म्युनिक येथे १९४८ साली स्थापन झालेल्या हेन्ले प्रकाशनाने ‘उर्टेक्स्ट’ म्हणजे मूळ संहितेचा आग्रह धरला. पोलंडमध्ये यान एकियर यांनी शोपँच्या राष्ट्रीय आवृत्तीला अर्धशतक वाहून घेतले. ती २०१० साली, शोपँच्या द्विशताब्दी वर्षात, पूर्ण झाली. प्रत्येक साधन तपासायचे, कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून उतरली हे ठरवायचे आणि मतभेद असेल तेथे दोन्ही पाठ वाचकापुढे ठेवायचे, ही या कामाची रीत.

पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९६६ साली पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सित आवृत्ती मराठी वाचकांना परिचित आहे. तेथे मूळ प्रत काळाच्या ओघात हरपली होती. शोपँच्या बाबतीत अडचण उलटी आहे: मूळ म्हणता येईल अशा प्रती अनेक आहेत. कर्त्याचा शेवटचा बदल हाच त्याचा अंतिम निर्णय मानावा, की तो त्या एका शिष्येपुरता होता, हे कोणतीही पेन्सिलीची खूण सांगत नाही. म्हणूनच संपादकाचा प्रामाणिकपणा निर्णय देण्यापेक्षा निर्णयाचा आधार उघड करण्यात असतो.

मुंबई-पुण्यात आज अनेक घरांतील मुले पियानो शिकतात. त्यांच्यासाठी पुस्तक घेताना मुखपृष्ठावरील ‘उर्टेक्स्ट’ या शब्दावर थांबू नये. शेवटची पानेही उघडून पाहावीत. तेथे साधनांची यादी आणि पाठभेदांचा खुलासा असेल, तर चार पैसे अधिक देणे योग्य ठरते. ताळेबंदाचे मोल जसे त्यामागील पावत्यांमुळे, तसे स्वरलिपीचे मोल या पानांमुळे ठरते.