सुमार भिंगाची कैफियत

काही वर्षांपूर्वी मुंबईच्या चोरबाजारात एका जुन्या लायका कॅमेऱ्याबरोबर मला एक भिंग मिळाले. त्याचे नाव 'सुमार'. जर्मन माणूस याचा उच्चार 'झुमार'च्या जवळपास करतो. पण मराठी माणूस त्या कड्यावर कोरलेली रोमन अक्षरे 'सुमार' अशीच वाचणार, आणि या भिंगाची आजची कीर्तीही दुर्दैवाने त्या शब्दाला साजेशीच आहे. निंदक त्याला धूसर म्हणतात. चाहते त्याच धूसरपणाला 'जादू' म्हणतात आणि त्यासाठी पैसे मोजतात. माझे म्हणणे असे की यांपैकी कोणीच भिंगाबद्दल बोलत नाही. दोघेही एका हरवलेल्या सुट्या भागाबद्दल बोलत आहेत.

हा सुटा भाग म्हणजे हूड. भिंगाच्या तोंडाशी बसणारे, आतून काळे, आखूड नळकांडे. आजच्या भिंगांना ते नसले तरी बरेचदा निभावते. सुमारची गोष्ट वेगळी आहे. वेट्झलारच्या लाइट्स कारखान्याने हे ५ सेंटिमीटरचे, एफ २ छिद्राचे भिंग १९३३ साली बाजारात आणले. त्यात चार गटांत बसवलेल्या सहा काचा आहेत, म्हणजे हवा आणि काच यांची गाठ पडते असे आठ पृष्ठभाग. लेप नसलेल्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परतवतो. आठ वेळा ही चुंगी भरल्यावर फिल्मपर्यंत नीट पोचतो तो जेमतेम ७२ टक्के. उरलेला प्रकाश सगळाच बाहेर पडला असता तरी हरकत नव्हती. पण त्यातला काही भाग काचांमध्ये इकडून तिकडे टोलवला जातो आणि शेवटी चित्राच्या सावल्यांवर पातळ पडद्यासारखा येऊन बसतो. त्यावरचा उतारा ठरलेला पातळ लेप झाइसच्या कारखान्यात अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये शोधला खरा, पण तो सर्रास वापरात आला दुसऱ्या महायुद्धानंतर. तोवर चौकटीबाहेरचा प्रकाश दाराबाहेरच अडवणे एवढाच साधा उपाय होता. ज्यांनी भिंग घडवले त्यांनी हूडही घडवले ते हौसेखातर नव्हे.

शिवाय रेंजफाइंडर कॅमेऱ्याचा एक स्वभावदोष इथे आड येतो. आपण पाहतो ते भिंगातून नव्हे, शेजारच्या वेगळ्या खिडकीतून. आरशाच्या कॅमेऱ्यात ऊन भिंगात शिरले की डोळ्यांना लगेच कळते. इथे दृश्य शेवटपर्यंत लख्ख दिसते आणि फिल्म धुतल्यावर घात उघड होतो. भिंगावर झाकण तसेच ठेवून अख्खा रोल काढण्याचा पराक्रम मीही केला आहे. पण झाकणाला सोडचिठ्ठी देऊनही चालत नाही. आत आरसा नसल्याने उघड्या भिंगातून आलेले ऊन थेट कापडी शटरवर एकवटते आणि त्याला भोक पाडू शकते.

माझे पहिले रोल वरळीच्या किनाऱ्यावर, मावळतीकडे तोंड करून काढलेले होते. सगळ्या चित्रांवर दुधाची साय. मित्रांनी कौतुक केले, आणि खोटे कशाला बोला, मलाही ते काही दिवस आवडले. मग फोर्टातल्या एका वृद्ध कारागिराने भिंग उजेडात धरून तिरपे पाहिले आणि म्हणाले, "अहो, ही जादू नाही, वंगण आहे. आतल्या काचांवर चढलंय." त्यांनी ते पुसले. समोरच्या काचेवरचे बारीक ओरखडे मात्र राहिले. ती काच जात्याच मऊ. साय निम्मी उतरली. उरलेली निम्मी हूडने उतरवली.

जुन्या काळाकडे पाहण्याच्या आपल्या सवयीतच काही गडबड आहे असे मला तेव्हापासून वाटते. ऐंशी-नव्वद वर्षांची धूळ, वाळलेले तेल आणि हरवलेले हूड यांचा जो परिणाम, तो आपण त्या काळाच्या नावावर मांडतो आणि १९३० चे दशक धुक्यातच जगले असे समजू लागतो. लायकाचा वापर लोकप्रिय करणारे फ्रँकफुर्टचे डॉ. पाऊल वोल्फ यांचे या कॅमेऱ्याच्या अनुभवांवरील पुस्तक १९३४ चे. त्यातली चित्रे पाहावीत आणि धुके शोधावे.

आता शोधाविषयी. लाइट्सच्या प्रत्येक सुट्या वस्तूला तारेने मागणी नोंदवता यावी म्हणून पाच अक्षरी सांकेतिक नाव असे : एल्मार भिंगाचे हूड 'फायसन', सुमिटारचे घडीचे चौकोनी हूड 'सूप्ड'. एल्मारच्या छिद्राची कळ भिंगाच्या तोंडावरच असल्याने हूड लावले की बोट आत खुपसावे लागे. म्हणून हूडसकट छिद्र बाहेरून फिरवणारे 'व्हालू' नावाचे कडे निघाले. (ही नावे मंत्रासारखी पाठ असणारे पण आयुष्यात तीन रोलही न काढलेले सज्जन मी पाहिले आहेत.) या संग्राहकांमुळेच पत्र्याच्या एका नळीला भिंगाच्या बरोबरीने किंमत सांगितली जाते, आणि ती नळी पुढे काचेच्या कपाटात उन्हापासून सुरक्षित राहते! वापरणाऱ्याने या बाजाराच्या नादी लागू नये. सुमारच्या कड्याचा बाहेरचा व्यास ३६ मिलिमीटर आहे. त्यावर बाहेरून बसणारे कोणतेही हूड चालते. 'बाहेरून' हा शब्द महत्त्वाचा. एका विक्रेत्याने मला ३६ आकड्याचे म्हणून जे पाठवले ते आटे फिरवून आत बसवायचे होते, आणि पैसे परत मिळाले नाहीत. तेव्हापासून व्हर्निअर कॅलिपरने मापल्याशिवाय मी काही मागवत नाही. खारकोवच्या फेड कॅमेऱ्याचे भिंगही एल्मारच्याच वळणाचे, त्यामुळे त्याचे ३६ मिलिमीटरचे फिल्टर इथे बसतात आणि स्वस्त मिळतात. मात्र मऊ काचेच्या रक्षणासाठी नुसता फिल्टर चढवून हूड टाळणे हा उफराटा उपाय आहे : लेप नसलेला फिल्टर आठात आणखी दोन पृष्ठभागांची भर घालतो.

माझे सध्याचे हूड निनावी आहे आणि थोडे सैल. आत काळ्या फेल्टची पट्टी चिकटवल्यावर घट्ट बसले. ते चित्राचे कोपरे कापते का हे खिडकीतून कळत नाही, आणि या कॅमेऱ्याची पाठ उघडत नसल्याने मागून डोकावताही येत नाही. हल्ली अडॅप्टर लावून मिररलेस डिजिटल कॅमेऱ्यावर हे मिनिटभरात तपासता येते. मी मात्र जुन्या पद्धतीने आकाशाची दोन चित्रे काढली, एक छिद्र पूर्ण उघडून, एक मिटून. कोपरे शाबूत होते.

मग पुन्हा वरळीला गेलो. तीच वेळ, तेच ऊन, सूर्य चौकटीच्या किंचित बाहेर. कठड्यावर बसलेल्या म्हाताऱ्याच्या कोटाचा काळा रंग या वेळी काळा आला आहे आणि त्यावरचे टाके मोजता येतात. हे सगळे लिहून झाल्यावर कबूल केलेले बरे : अस्सल 'फायसन' कुठे रास्त भावात मिळते का, हे मी दर रविवारी अजूनही पाहतो.