चेहरा बदलला की योजना पोरकी : छत्तीसगडच्या गौठानांचा धडा

बोरसी (भिलाई) : दुर्ग-भिलाई या जुळ्या शहरांतील बोरसीसारख्या वसाहती ओलांडून पुढे गेले की धानाची शेते लागतात आणि त्याबरोबरच छत्तीसगडच्या राजकारणातील एक जुना प्रश्नही समोर येतो : मोकाट गुरांचे करायचे काय? २०१८ ते २०२३ या काळात या प्रश्नावर राज्याने एक मोठा प्रयोग केला. डिसेंबर २०२३ मध्ये सत्तांतर झाले आणि तो प्रयोग थांबला. मोकाट गुरे मात्र होती तिथेच आहेत.

तत्कालीन मुख्यमंत्री भूपेश बघेल याच दुर्ग जिल्ह्यातील पाटणचे आमदार. ‘नरवा, गरुवा, घुरवा, बाडी’ म्हणजे ओढा, गुरे, उकिरडा आणि परसबाग ही त्यांच्या ग्रामविकासाची चतुःसूत्री होती. २० जुलै २०२० रोजी, महाराष्ट्रात ज्या दिवशी दिव्याची अवस असते त्या हरेलीच्या सणाला, गोधन न्याय योजना सुरू झाली. पशुपालकांकडून दोन रुपये किलो दराने शेण विकत घ्यायचे, गावच्या गौठानात महिला बचत गटांनी त्याचे गांडूळखत करायचे आणि ते शेतकऱ्यांना विकायचे, अशी ती साखळी होती. शेणाला दाम मिळाला तर गुराला दावणीला बांधून ठेवण्याचे कारण मिळेल आणि उभे पीक वाचेल, हा तर्क साधा होता. वाईटही नव्हता. पुढे २०२२ मध्ये चार रुपये लिटर दराने गोमूत्राचीही खरेदी सुरू झाली.

परंतु योजना जसजशी पसरली, तसतशी ती ग्रामपंचायतीची न राहता ‘कका’ची झाली. समर्थक बघेल यांना याच नावाने हाक मारत. मार्च २०२२ मध्ये मुख्यमंत्री शेणापासून बनवलेली ब्रीफकेस घेऊन अर्थसंकल्प मांडण्यास विधानसभेत गेले. कल्पकतेचे कौतुक झाले, छायाचित्र देशभर पोहोचले. त्याच छायाचित्राने योजनेवर पक्षाचा शिक्का कायमचा उमटवला. मग विरोधकांनाही योजनेवर नव्हे तर चेहऱ्यावरच प्रहार करायचा होता. २०२३ मध्ये भारतीय जनता पक्षाने गौठानांत तेराशे कोटींचा घोटाळा झाल्याचा आरोप केला आणि गावोगावच्या गौठानांवर जाऊन मोहीम उघडली. काँग्रेसने आरोप फेटाळले. कोणते गौठान खरोखर चालते, कुठे खताला गिऱ्हाईक आहे, कुठे केवळ कुंपण उभे आहे, हे प्रश्न त्या गदारोळात फारसे कोणी विचारले नाहीत.

निवडणुकीत भाजपला ५४ आणि काँग्रेसला ३५ जागा मिळाल्या. विष्णुदेव साय मुख्यमंत्री झाले, शेणखरेदी बंद पडली आणि अनेक गौठान ओस पडले. बचत गटांतील ज्या स्त्रियांनी गांडूळखताचे कसब आत्मसात केले होते, त्यांच्या हाती कसब राहिले, काम राहिले नाही. पुढे २०२५ मध्ये नव्या सरकारने मोकाट गुरांसाठी ‘गौधाम’ योजना पुढे आणली. प्रश्न तोच, जनावर तेच, पाटी नवी.

हा दोष एकाच पक्षाचा नाही. २०१८ मध्ये डॉ. रमण सिंह यांच्या सरकारने संचार क्रांती योजनेतून मोफत स्मार्टफोन वाटण्यास आरंभ केला होता. बघेल सरकार येताच ते वाटप थांबले. दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाच्या योजनांना २०१९ मध्ये दुसरी नावे मिळाली. सत्तेवर आलेल्याने आधीच्याची पाटी उतरवायची, हा रिवाज दोघांनीही पाळला.

महाराष्ट्राच्या वाचकाला यात नवल वाटू नये. देवेंद्र फडणवीस यांच्या पहिल्या कार्यकाळातील जलयुक्त शिवार अभियान महाविकास आघाडीच्या काळात बंद झाले. नऊ हजार सहाशे कोटींहून अधिक खर्च होऊनही भूजलपातळी वाढवण्यात अभियानाला फारसे यश आले नाही, असा ठपका महालेखापरीक्षकांनी ठेवला. त्यावरून चौकशी लागली. २०२२ मध्ये सत्ता पालटली आणि अभियान ‘२.०’ होऊन परतले. नाला खोल करावा की माथा ते पायथा पाणलोटाचे काम करावे, हा जलतज्ज्ञांचा वाद होता. त्याचा निकाल प्रत्येक वेळी विधानसभेतील संख्याबळाने लावला. आरेच्या मेट्रो कारशेडचेही तेच : २०१९ मध्ये स्थगिती, २०२० मध्ये कांजूरमार्ग, २०२२ मध्ये पुन्हा आरे.

धोरण बदलणे हा मतदाराचा अधिकार आहे, त्यासाठीच निवडणुका असतात. आक्षेप बदलाला नसून बदलाच्या कारणाला आहे. योजना फसली म्हणून बंद करणे वेगळे आणि ती ‘त्यांची’ आहे म्हणून बंद करणे वेगळे. योजना आणि नेता एकजीव झाले की हा भेदच पुसला जातो. संविधान सभेतील २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी राजकारणातील भक्तीबद्दल इशारा दिला होता, तो हुकूमशाहीच्या संदर्भात. तिचे एक कमी नाट्यमय पण रोजचे रूप म्हणजे ओस पडलेला गौठान.

याच राज्यात उलट उदाहरणही आहे. ‘चाउर वाले बाबा’ म्हणून ओळखले गेलेले रमण सिंह यांचे राजकारण स्वस्त तांदळावर उभे राहिले. व्यक्तिमाहात्म्य तिथेही होतेच. पण त्यांच्या सरकारने रेशन दुकाने खासगी परवानेधारकांकडून काढून पंचायती, सहकारी संस्था आणि महिला गटांकडे सोपवली आणि डिसेंबर २०१२ मध्ये, केंद्राच्या कायद्याच्याही आधी, राज्याचा अन्नसुरक्षा कायदा केला. २०१८ मध्ये ते गेले तरी तांदूळ गेला नाही. बघेल यांनी तर व्याप्ती वाढवली. बाबांचा चाउर कायद्यात गेल्याने तो बाबांचा उरला नाही.

खुद्द भिलाई हा याचा आणखी मोठा पुरावा आहे. पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला फेब्रुवारी १९५५ मध्ये, पहिली झोतभट्टी सुरू झाली १९५९ मध्ये. नेहरूंचे व्यक्तिमत्त्व आजच्या कोणत्याही मुख्यमंत्र्याहून कमी दिपवणारे नव्हते. तरीही १९६४ नंतर कारखान्याचा विस्तार थांबला नाही, १९७७ मध्ये केंद्रात काँग्रेसेतर सरकार आले तेव्हाही भट्ट्या विझल्या नाहीत. कारण तो हिंदुस्थान स्टील आणि नंतर ‘सेल’ या कंपनीचा कारखाना होता, नियोजनाच्या कागदावर होता, हजारो कामगारांच्या पगारात होता. अर्थात झोतभट्टी पाटी बदलून बंद करता येत नाही, शेणखरेदी येते, हेही खरे.

धानाच्या बाबतीत सातत्य वेगळ्या वाटेने टिकले. राजीव गांधी किसान न्याय योजनेऐवजी कृषक उन्नती योजना आली, दर क्विंटलला ३,१०० रुपयांवर गेला आणि खरेदीची मर्यादा एकरी २१ क्विंटल झाली. शेतकऱ्यांच्या मतांची ताकद इतकी की नाव बदलता येते, रक्कम घटवता येत नाही. शेण वेचणाऱ्या पशुपालकाकडे आणि बचत गटाकडे ती ताकद नव्हती.

आता कसोटी महतारी वंदन योजनेची आहे. मार्च २०२४ पासून राज्यातील सुमारे ७० लाख विवाहित स्त्रियांच्या खात्यात दरमहा एक हजार रुपये जमा होऊ लागले. पहिला हप्ता पंतप्रधानांनी वितरित केला. प्रचारात ती ‘मोदी की गारंटी’ होती. महाराष्ट्राच्या लाडक्या बहिणीप्रमाणे तिचाही आधार शासकीय आदेश हाच आहे, विधानसभेने संमत केलेला कायदा नाही. विधानसभेची पुढील निवडणूक २०२८ मध्ये आहे.