नवा कार्ब्युरेटर आणि जुना आळस

ज्या वस्तूचें कार्य आपणांस समजत नाहीं ती निकामी झाली असें म्हणणें मनुष्यास नेहमींच सोपें वाटतें. जुनी मोटार बाळगणाऱ्या आमच्या सुशिक्षित वर्गांत असाच एक मंत्र हल्लीं प्रचलित झाला आहे. गाडी सकाळीं लौकर सुरू होत नाहीं? कार्ब्युरेटर बदला. घाटांत दम टाकते? कार्ब्युरेटर बदला. मागून काळा धूर सोडते? कार्ब्युरेटर बदला! तीन रोगांवर नाडी न पाहतां एकच औषध देणाऱ्या वैद्याची पायरी हे गृहस्थ कधीं चढणार नाहींत. परंतु मोटारीच्या बाबतींत मात्र ते स्वतःच तसले वैद्य होऊन बसतात. या मंत्राचें खंडन करणें आम्हांस अवश्य वाटतें.

प्रथम हें यंत्र आहे तरी काय, तें पाहूं. पेट्रोल नीट जळावयाचें तर त्याचें हवेशीं योग्य मिश्रण व्हावें लागतें. वजनानें एक भाग पेट्रोलास सुमारें १४.७ भाग हवा, हें तें प्रमाण होय. कार्ब्युरेटरच्या नळीचा मधला भाग निमुळता असतो. तेथें हवेचा वेग वाढतो, दाब उतरतो, आणि शेजारच्या लहानशा टाकींतलें पेट्रोल पितळी जेटच्या बारीक छिद्रांतून आपोआप ओढलें जातें. डॅनियल बर्नुलीनें १७३८ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांतील सिद्धांताचेंच हें उपयोजन. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांनीं हा सिद्धांत परीक्षेंत लिहून गुण मिळविले असतील. तोच सिद्धांत स्वतःच्या गाडीच्या बॉनेटखालीं भेटला असतां त्याला ओळखहि देऊं नये, याहून आमच्या शिक्षणाची अधिक थट्टा ती कोणती?

आतां या यंत्राचे दोष घेऊं. कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार झालेली प्रीमियर पद्मिनी मुंबईच्या टॅक्सींतून २०२३ सालीं कायमची गेली. तथापि हौशी लोकांच्या घरीं ती अजून नांदते आहे. तिच्या १०८९ घनसेंटिमीटरच्या एंजिनावर सोलेक्स पद्धतीचा कार्ब्युरेटर असे. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली म्हणजे त्यांतलें पेट्रोल आटून चिकट कीट मागें राहतें आणि जेट बुजतो. फ्लोटची सुई नीट बसली नाहीं म्हणजे पेट्रोल वाहतें आणि धूर काळा होतो. पंपाचा पडदा कडक झाला म्हणजे पाय दाबतांच गाडी अडखळते. जुन्या १४८९ घनसेंटिमीटरच्या अँबॅसडरवर एस. यू. पद्धतीचा कार्ब्युरेटर असे. त्याच्या दांड्याभोंवतालचें थोडेसें तेल आटलें तरी ती वेग घेतांना धक्के देते. यांपैकीं कोणता दोष असा आहे, कीं ज्यासाठीं सबंध यंत्र भंगारांत टाकावें? कोठें गाळ आहे, कोठें लहानसा पडदा आहे, कोठें चमचाभर तेल आहे.

शिवाय दोष कार्ब्युरेटरांतच आहे हें ठरविलें कोणीं? पॉइंटमधील अंतर चुकलें, कंडेन्सर निकामी झाला, प्लगवर काजळी बसली, टाकींतला गंज गाळणींत येऊन अडकला, किंवा गॅस्केटमधून चोरवाटेनें हवा शिरूं लागली, तरी गाडी तीच लक्षणें दाखविते. प्रथम ठिणगी, मग पेट्रोलचा पुरवठा आणि सर्वांच्या शेवटीं कार्ब्युरेटर, असा शोधाचा क्रम कोणताहि शहाणा मेकॅनिक सांगेल. शेवटच्या आरोपीस पहिल्याच दिवशीं फांशीं देणारा न्याय आम्हांस मान्य नाहीं.

यावर प्रतिपक्ष म्हणतो, ‘नवा विकत मिळत असतां जुन्याशीं झटापट कशाला?’ उत्तर असें कीं, नवा म्हणून जो मिळतो तो पुष्कळदां नुसती नक्कल असतो. त्याचे जेट तुमच्या एंजिनाच्या मापाचे असतीलच असें नाहीं. जेटच्या छिद्रांत केसाएवढा फरक पडला तरी मिश्रण बिघडतें. मग नवा बसवूनहि गाडी तशीच अडखळते, आणि दोषाचें खापर बिचाऱ्या एंजिनावर फुटतें.

दुसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. ‘जुन्या गाड्यांचा धूर शेजाऱ्यांच्या फुप्फुसांत जातो, तेव्हां नवें यंत्र बसविणें हें कर्तव्यच नव्हे काय?’ धूर थांबविणें हें कर्तव्य खरेंच. परंतु तो थांबतो मिश्रण शुद्ध केल्यानें, पावती नवी फाडल्यानें नव्हे. आजच्या इंधनाचेंच पाहा. २०२५ सालीं आपल्या पेट्रोलांत एथॅनॉलचें प्रमाण २० टक्क्यांपर्यंत आलें. एथॅनॉलास वजनानें सुमारें ९ भागच हवा लागते. म्हणून जुन्याच छिद्रांतून हें इंधन गेलें म्हणजे हवा अधिक आणि इंधन कमी असें होतें. जुनें रबरहि त्यानें फुगतें. नव्या कार्ब्युरेटरचें छिद्र व रबर त्याच जातीचें असेल, तर त्यालाहि तोच रोग जडणार. उपाय आहे तो किंचित् मोठा जेट आणि एथॅनॉलास टिकणारें रबर, हा होय.

प्रतिपक्षाचें एक म्हणणें मात्र आम्हांस मान्य केलेंच पाहिजे. थ्रॉटलचा दांडा बसतो तें भोंक झिजून सैल झालें, तर तेथून हवा शिरते आणि कितीहि धुतलें तरी गाडी शांत चालत नाहीं. कुशल कारागीर तेथें बुश बसवूं शकतो. परंतु मूळ ओतीव भागच तडकला किंवा फार वांकला असेल, तर योग्य मापाचा दुसरा बसविण्यांत कमीपणा नाहीं. मूळचा भाग म्हणून मेलेल्या लोखंडाची पूजा करणाऱ्यांचेहि आम्ही वकील नाहीं. आमचा वाद बदलण्याशीं नाहीं. न पाहतां बदलण्याशीं आहे.

या वादास निकड आहे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम लागू झाल्यावर नव्या वाहनांतून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला. आतां तो उघडणारे हात वृद्ध होत चालले आहेत, आणि नव्या मुलांस ती विद्या शिकण्याचें कारण उरलेलें नाहीं. न उघडतां टाकलेला प्रत्येक कार्ब्युरेटर म्हणजे अशा एका हाताचें बुडविलेलें काम होय. आमच्या वर्गानें हीं कामें दिलीं नाहींत, तर ती विद्या आमच्या डोळ्यांदेखत जाईल, आणि मग पैसे मोजूनहि ती परत मिळणार नाहीं.

तेव्हां वाचकांस आमची एवढीच सूचना आहे. पुढील खेपेस गाडी अडली कीं जाणत्या मेकॅनिकपाशीं उभे राहा. ठिणगी आधीं तपासावयास सांगा. मिश्रणाचा स्क्रू काढण्यापूर्वीं तो किती फेरे आंत होता तें मोजून लिहून ठेवा. जेटमध्यें तार खुपसूं देऊं नका, पितळ मऊ असतें आणि छिद्र मोठें होतें. तो धुऊन हवेनें फुंकावा. फ्लोट गरम पाण्यांत बुडवून बुडबुडे येतात कीं काय तें पाहा. इतकें करून जो निकाल निघेल, मग तो दुरुस्तीचा असो वा बदलण्याचा, तो आम्हांस शिरसावंद्य आहे.