कॉफी कडवट लागली म्हणजे ‘स्ट्राँग’ झाली का?

खान्देश तसा चहाचा मुलूख. पण गेल्या काही वर्षांत जळगाव-धुळ्यात कॉलेजांच्या आसपास कॉफीची दुकाने दिसू लागली आणि स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांत इन्स्टंट कॉफीची बरणी पोहोचली. २२ सप्टेंबर २०२५ पासून इन्स्टंट कॉफीवरील जीएसटीही १८ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. कॉफी घरात येतेच आहे, तर ती नेमकी कोणती, हे पाहायला हवे.

मध्यंतरी ओपीडीत विशीतली एक मुलगी आली. ‘रातभर झोप लागत नही, छाती धडधड करस,’ ही तक्रार. ईसीजी ठीक होता, थायरॉइडही ठीक. हिमोग्लोबिन मात्र साडेआठ. विचारल्यावर कळले, परीक्षा जवळ आल्याने रोज चार कप कॉफी, प्रत्येक कपात दोन चमचे भरून पावडर. वर ती म्हणाली, ‘दूध-साखर भरपूर घालते, त्यामुळे कडू लागत नाही. म्हणजे लाइटच आहे ना?’

हा गैरसमज अनेकांचा असतो. कॉफीची चव आणि तिच्यातले कॅफिन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅफिन किती, हे आधी बी ठरवते.

जगात प्यायल्या जाणाऱ्या कॉफीच्या मुख्य जाती दोन, अरेबिका आणि रोबस्टा. अरेबिकाचे झाड नाजूक. तिला उंची आणि थंडावा लागतो, कीड-रोग लवकर लागतात. बी लांबट, मधली रेघ नागमोडी, चव सौम्य आणि किंचित आंबटसर. रोबस्टा नावाप्रमाणे दणकट. कमी उंचीवर, उष्ण हवेत वाढते, उत्पन्न जास्त देते. बी गोलसर, रेघ सरळ, चव कडवट. आपल्याजवळचे उदाहरण म्हणजे अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा. जळगाव-धुळ्याच्या उत्तरेला दिसणाऱ्या सातपुड्याच्याच रांगेत, सुमारे १,१०० मीटर उंचीवर, तिथे कॉफी पिकते. तापी खोऱ्यातल्या उन्हाळ्यात ते शक्य नाही.

डॉक्टर म्हणून मला महत्त्वाचा वाटतो तो फरक कॅफिनचा. अरेबिकाच्या बीमध्ये वजनाच्या साधारण सव्वा टक्का कॅफिन असते, रोबस्टात दोन टक्क्यांहून जास्त. म्हणजे जवळपास दुप्पट. कॅफिन हे झाडाचे किडींविरुद्धचे शस्त्र आहे, आणि रोबस्टाच्या दणकटपणामागे त्याचाही हात आहे. भारतात पिकणाऱ्या कॉफीत सुमारे ७० टक्के वाटा रोबस्टाचा. ती स्वस्त पडते आणि तिचा अर्क जास्त निघतो, म्हणून इन्स्टंट कॉफीत तिचा वापर मोठा असतो.

आता तिसरा भिडू, चिकोरी. ही कॉफी नव्हेच. एका झाडाचे मूळ भाजून केलेली ती पूड असते. रंग गडद, चव कडवट, पण कॅफिन शून्य. नियमाप्रमाणे कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते आणि दोन्हींचे प्रमाण वेष्टनावर छापावे लागते. त्यामुळे काळीकुट्ट, कडू मिश्रणाच्या कपात कॅफिन कमी असू शकते, आणि दूध-साखरेने गोड झालेल्या शुद्ध इन्स्टंटच्या कपात जास्त. जिभेवर भरवसा ठेवून मोजदाद होत नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत दिवसाला ३०० मिलिग्रॅम कॅफिनची मर्यादा सांगितली आहे. तिच्याच हिशेबाने १५० मिलिलिटरच्या कपात फिल्टर कॉफीत ८० ते १२०, इन्स्टंटमध्ये ५० ते ६५ आणि चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असते. त्या मुलीच्या कपात पावडर दुप्पट, म्हणजे चार कपांतच मर्यादा ओलांडली. घरचा दोन वेळचा चहा वेगळाच. शिवाय शरीरातले निम्मे कॅफिन कमी व्हायला साधारण पाच तास लागतात. रात्री दहाच्या कॉफीतले निम्मे पहाटे तीनला अंगात असते. मग झोप कशी लागणार?

हिमोग्लोबिनचा प्रश्न याहून गंभीर. चहा-कॉफीतले काही घटक अन्नातले लोह आतड्यात शोषू देत नाहीत. त्यांपैकी क्लोरोजेनिक आम्लही रोबस्टात जास्त. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसले. तरीही पोह्यांबरोबर कॉफी आणि जेवणावर चहा ही आपली सवय सुटत नाही. लोहाची गोळी चहाबरोबर घेणारेही भेटतात.

ब्राझील आणि व्हिएतनाममधल्या दुष्काळानंतर २०२४ मध्ये जगभर कॉफीचे भाव विक्रमी चढले. डिसेंबरात अरेबिकाने १९७७ चा उच्चांक मोडला. भाव चढले की मिश्रणात स्वस्त घटक वाढवण्याचा मोह असतो. तेव्हा पाकीट उलटे करून वाचा, कॉफी किती टक्के आणि चिकोरी किती.

कॉफी वाईट नाही. निरोगी माणसाने दिवसाला दोन-तीन कप घेतले तर काही बिघडत नाही. फक्त जेवणाच्या आधी आणि नंतर एक तास ती टाळा, दुपारनंतर बंद करा, चमचा सपाट भरा आणि चहाचे कपही हिशेबात धरा. गर्भवतींनी २०० मिलिग्रॅमच्या आत राहावे, कारण त्या काळात कॅफिन शरीरात बराच जास्त वेळ राहते. धडधड, रक्तदाब किंवा निद्रानाश असेल तर डॉक्टरांना कॉफीबद्दल आपणहून सांगा.

त्या मुलीला आम्ही लोहाच्या गोळ्या दिल्या आणि कॉफी एका कपावर, सकाळी अकराची, आणली. महिन्याभराने ती आली तेव्हा झोप परतली होती. हिमोग्लोबिन भरून यायला मात्र अजून काही महिने लागतील.