पालघरच्या आकाशात ऊर्जा किती?

टोलनाक्यावर वाचल्या जाणाऱ्या फास्टॅगच्या पातळ पट्टीत बॅटरी नसते. रीडरकडून ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या लहरी येतात. त्यांतलीच चिमूटभर ऊर्जा घेऊन आतली चिप जागी होते आणि आपला क्रमांक परत धाडते. मुद्दाम सोडलेल्या लहरींऐवजी आसपासच्या लहरींवर हे जमेल का? २०१३ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी ते करून दाखवले. टीव्ही मनोऱ्याच्या लहरींवर त्यांची बिनबॅटरीची उपकरणे एकमेकांशी बोलली.

स्पेक्ट्रम, म्हणजे रेडिओ लहरींचे पट्टे, वाटून कसे वापरावेत याच्या अभ्यासकांनाही ही कल्पना भावली. परवानाधारक बोलत असेल तेव्हा परवाना नसलेल्या पाहुण्याने गप्प राहायचे, हा वाटणीचा नियम. मग त्या सक्तीच्या मौनात त्याच्याच लहरींतून ऊर्जा साठवावी आणि चॅनल मोकळे झाले की ती खर्चून बोलावे. शेतातल्या शेकडो सेन्सरांच्या बॅटऱ्या कोण बदलत बसणार, या प्रश्नाचे इतके नेटके उत्तर दुसरे मला दिसत नाही.

अडचण आकड्यांत आहे. १ वॅटचा प्रक्षेपक, १० मीटरवर साधा अँटेना, ८६६ मेगाहर्ट्झ: हाती येतात जेमतेम सात-आठ मायक्रोवॅट, तेही मध्ये काहीच आडवे नसेल तर. अंतर दुप्पट केले की पाव उरतात. त्यांची डीसी वीज करताना डायोड आपला वाटा घेतो तो वेगळाच.

त्यात आपली परिस्थिती निराळी. भारतात जमिनीवरून टीव्ही प्रक्षेपण फक्त दूरदर्शन करते. आयआयटी मुंबईच्या अभ्यासात ४७० ते ५९० मेगाहर्ट्झ या टीव्ही पट्ट्यातले १५ पैकी किमान १२ चॅनल देशात जवळजवळ सगळीकडे रिकामे आढळले. त्याच रिकाम्या पट्ट्यातून संस्थेने पालघरच्या गावांत इंटरनेट पोचवून पाहिले. बोलायला तिथे भरपूर मोकळीक, पण वेचायला लहरीच नाहीत. मुंबईत मोबाइल मनोऱ्यांची दाटी, म्हणून ऊर्जा आहे. पण मोबाइलच्या त्या पट्ट्यांत मोकळे चॅनल मिळणे कठीण. मोकळीक आणि ऊर्जा एका जागी क्वचितच नांदतात, आणि सेन्सरांची खरी गरज आहे ती पालघरसारख्या ठिकाणी.

म्हणून खेड्यांसाठी आयत्या लहरींची आशा सोडावी, असे माझे ठाम मत आहे. त्याऐवजी फास्टॅगसारख्या मुद्दाम सोडलेल्या लहरी वापराव्यात. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात परवान्याशिवाय ४ वॅटपर्यंत प्रभावी प्रक्षेपण शक्तीची मुभा आहे. ट्रॅक्टरवर रीडर बसवला, तर सऱ्यांतून फिरताना काही मीटरवरचे ओलाव्याचे सेन्सर जागे करून वाचता येतील. अँटेना मात्र मातीबाहेर हवा. ओली माती लहरी गिळते. संशोधनाचा पैसा आधी इथे लागावा.